चिमणीत कोणीतरी शिकलेलं होतं

आमच्या घरात भुतांवर कोणाचाही विश्वास नाही. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या चिमणीला आम्ही तिघंही आठ दिवस एकमेकांपासून लपून घाबरत होतो.

आधी घराबद्दल सांगते. मी आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली. माझ्या बी.ए.साठी आम्ही आमचं गाव, पाचोड, सोडून छत्रपती संभाजीनगरला, सातारा परिसर नावाच्या वस्तीत, एक लहानसं रो-हाऊस भाड्यानं घेतलं. बाबा शेंद्र्याला एका कारखान्यात पॅकिंगला जातात. आई हॉस्टेलच्या अकरा मुलांना जेवणाचे डबे करून देते. म्हणजे माझं कॉलेज खरं तर आईच्या दोन शेगड्यांवर उभं आहे. (हे मी कॉलेजात कोणाला सांगितलेलं नाही. इथं लिहिते आहे, आता काय!)

आमची घरं पाठीला पाठ लावून बांधलेली आहेत. आमच्या स्वयंपाकघराची भिंत हीच मागच्या घराच्याही स्वयंपाकघराची भिंत. बाजूच्या बोळात त्या घराचा एक लोखंडी दरवाजा दिसतो. त्याला गंजलेलं कुलूप, कुलपाला कोळ्याचं जाळं. त्यावरून ते घर कित्येक वर्षं रिकामं आहे, असा निष्कर्ष काढला होता. हा निष्कर्ष माझा. घरात निष्कर्ष काढायचं काम माझ्याकडेच असतं.

चिमणी आधीच्या भाडेकरूंची. पाचोडला आमचा धूर पत्र्याच्या फटीतून आपला आपण जायचा. इथं त्याला बटण होतं. आईला पहिल्या दिवसापासून संशय होता.

"धूर वढून नेती ती ठीक हाय," आई म्हणाली होती, "पर नेती कुठं?"

"बाहेर, आई."

"तू बघितलं का बाहेर?"

मी बघितलं नव्हतं.

पहिला प्रकार घडला तो आम्हाला इथं येऊन तीन आठवडे झाल्यावर, भर दुपारी, साडेतीनला. डबे गेले होते, गॅस बंद, चिमणी बंद. ऊन असं की गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. मी आणि आई ओट्यापाशी तांदूळ निवडत होतो. अचानक फोडणीचा वास आला. मोहरी, कढीपत्ता आणि थोडा करपलेला लसूण. आमच्या घरात त्या क्षणी काहीही शिजत नव्हतं. मग चिमणीतून एक लांब श्वास बाहेर आला. हूऽऽऽ. जाळी थरथरली. तेलाचा एक काळा थेंब सुटला आणि नेमका आईच्या ताटात पडला.

आईनं ताट हळूच मागे ओढलं. "आत कोनतरी हाय," ती कुजबुजली.

"वारा असेल."

"वारा लसूण करपवतो व्हय?"

यावर माझ्याकडे निष्कर्ष नव्हता.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. बाबा म्हणजे पाचोडला दर जयंतीला अंधश्रद्धेवर भाषण करणारा माणूस! त्यांनी बाहेरच्या खोलीतल्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहिलं आणि छाती काढून म्हणाले, "आपल्या घरात असलं बोलायचं नाय. भूत नसतं. इषय संपला."

विषय संपला, पण दुसऱ्या दिवसापासून बाबा पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाताना उंबऱ्यावर दोनदा खाकरायला लागले. (आत जो कोणी नव्हता, त्याला आगाऊ सूचना म्हणून.) तिसऱ्या दिवशी त्यांनी माठच बाहेरच्या खोलीत आणून ठेवला. "इथं हवा चांगली लागती माठाला," म्हणाले.

रोज साडेतीनला वास यायचा. कधी मेथी, कधी नुसतीच हळद. मागून ठक-ठक-ठक, पळी तव्यावर आपटल्यासारखं. मग तो श्वास. मी बोळात जाऊन कुलूप पाहून आले. कुलूप तसंच, जाळं तसंच, जाळ्यात कोळीही तोच.

त्याच आठवड्यात माझा सेमिनार होता, मूलभूत हक्कांवर. मला वर्गात बोलायला भीती वाटते, म्हणून पाठांतर मी स्वयंपाकघरात करते. भांडी हसत नाहीत. आई बाजारात गेली होती. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले आणि सुरुवात केली, "आदरणीय गुरुजन वर्ग... कलम चौदा, कायद्यापुढे समानता... कलम पंधरा... कलम सोळा, अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे..."

"सतरा," चिमणी म्हणाली.

आवाज पुरुषाचा. म्हातारा, खोल, जणू विहिरीच्या तळातून आलेला. चूक माझी होती, हे मान्य. कलम सतरा आमच्या घरात लहान पोरालाही पाठ असतं. घाबरून जीभ घसरली. पण ती चूक चिमणीनं काढावी?

मी जागची हलू शकले नाही. मग त्या अंधाऱ्या भोकातून पुन्हा आवाज आला, अगदी हळू.

"पुढं?"

मी पुढं काही म्हटलं नाही. मी बाहेर होते. गल्लीच्या टोकाला. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्या पायात बाबांची.

रात्री जेवताना मी सगळं सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला.

"सतरा म्हनला?"

"हो."

"बरोबर सांगितलं की मंग." बाबा विचारात पडले. "म्हंजी... भूत नसतंच. पर समजा असतंच, तर संविधान वाचलेलं हाय. तरास देनार नाय."

आईनं भाकरी परातीत आपटली. "तुमचं दोघांचं चालू द्या. त्यात काय हाय ते शनिवारपस्तोर मला कळलं नाय, तर मी पाचोडला चालले. मला त्याच्याखाली उभं राहून सैपाक व्हत नाय. हात थरथरतेत. काल वरनात दोनदा मीठ पडलं."

आई गंमत करत नव्हती. तिचे डोळे सुजले होते. आठ दिवसांत ती धड झोपली नव्हती. आई गेली की डबे बंद, डबे बंद की घर बंद, आणि घर बंद झालं की मी पाचोडला. तिथून रोज एस.टी.नं कॉलेजला येणाऱ्या मुलींचं पुढे काय होतं, ते मी पाहिलेलं होतं. दोन महिन्यांत त्या यायच्या थांबतात.

मी चिमणीच्या कंपनीचा नंबर काढला. फोनवरची मुलगी फार गोड बोलत होती.

"मॅडम, क्लीनिंग हवंय की इन्स्पेक्शन?"

मी फोनवर हात ठेवून घरात विचारलं, "साफसफाई की तपासणी?"

"तपासनी!" आई म्हणाली. "चुलीत हात घालायच्या आधी मानूस काडी घालून बघतो. इच्चू असला म्हंजी?"

"साफसफाई!" बाबा म्हणाले. "तपासनी म्हंजी आपून मान्य केलं, की आत कायतरी हाय. आत काय नाय! मळ हाय. मळ काढा."

"मग घाबरता कशाला तपासायला?"

"घाबरतो कोन? माझं तत्त्व हाय!"

"मॅडम?" फोनमधून आवाज आला. "प्रॉब्लेम काय आहे नक्की?"

"आवाज येतो," मी म्हणाले.

"मोटरचा?"

"नाही... माणसाचा."

"म्हणजे कसा, मॅडम?"

"शिकलेल्या माणसाचा," मी म्हणाले. मला खोटं बोलता येत नाही, हा माझा जुना दोष आहे.

बाबांनी फोन हिसकावला. "क्लीनिंग टाका वो ताई, क्लीनिंग!" अशा प्रकारे आमच्या घरात विज्ञानाचा विजय झाला.

शनिवारी सकाळी कंपनीचे शफीकभाई आले, हातात ब्रशांची पिशवी घेऊन. त्यांनी जाळ्या काढल्या, उकळत्या पाण्यात टाकल्या आणि मान हलवत म्हणाले, "क्या मॅडम, साल भर से साफ नै किये क्या? पाइप में तो गोंद जम गया." मग स्टुलावर चढून त्यांनी लांब ब्रश पाइपात घातला आणि काळ्या चिकट तेलाचे गोळेच्या गोळे खाली काढले. बाबा माझ्याकडे बघून हसले. "बघ. मळ."

शेवटचा गोळा निघाला. शफीकभाईंनी पाइपात बॅटरी मारून आत डोकं घातलं.

आणि पाइप खोकला.

आतापर्यंत तो आवाज विहिरीतून यायचा. आता तो खोलीत आला! इतके दिवस मळानं त्याचं तोंड दाबून ठेवलं होतं. ते आम्ही स्वतः कंपनीचा माणूस बोलावून मोकळं करून दिलं होतं.

"कोण आहे रे तिकडं?" पाइप गरजला.

शफीकभाई स्टुलावरून उतरले असं म्हणता येणार नाही. ते स्टुलावर होते आणि मग दारात होते, मधलं काही मला दिसलं नाही. "मॅडम, मैं क्लीनिंगवाला हूँ!" ते तिथून ओरडले. "इसका इन्स्पेक्शन अलग से बुक करना पडता! मेरे को नक्को!"

बाबा फोटोखाली उभे होते. पुतळ्यासारखे. मी बाबांच्या मागे.

आई मात्र चिमणीकडे बघत उभी होती. मग तिनं पदर खोचला, हातात लाटणं घेतलं आणि स्टुलावर चढली.

"आई, नको!"

"गप. आज शनिवार हाय." तिनं पाइपाशी तोंड नेलं. तिचा आवाज कापत होता. पण अनोळखी माणसाशी पहिल्यांदा बोलताना ती आयुष्यभर जे म्हणत आली, तेच तिच्या तोंडातून निघालं, "जय भीम! कोन हाय जी?"

पाइपात सळसळ झाली. मग उत्तर आलं.

"जय भीम, ताई."

"उत्तर दिलं!" बाबा कुजबुजले आणि खुर्चीत बसले. खुर्ची तिथं नव्हती.

"तुम्ही कोण पण?" पाइप म्हणाला. आता तोही कापत होता. "महिना झाला, माझ्या चिमणीत राहताय. एक बाई मिठावरून रडते, एक माणूस सारखा खाकरतो आणि एक मुलगी कलमं चुकीची सांगते. काय हवंय तुम्हाला माझ्याकडून?"

आईचं लाटणं खाली आलं.

"तुमी जिते हायेत का?"

"मी? हो! तुम्ही?"

"आमी बी!"

पुढच्या दहा मिनिटांत आईनं पाइपातूनच सगळी तपासणी केली. मागच्या घरात खंडागळे सर राहतात. निवृत्त शिक्षक, नागरिकशास्त्राचे. त्यांचं पुढचं दार पलीकडच्या गल्लीत उघडतं. आमच्या बोळातलं कुलूप त्यांच्या मागच्या दाराचं, त्याची किल्ली केव्हाच हरवली आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे ते बाहेर पडत नाहीत. मुलगी बँकेत जाते, म्हणून दुपारी उशिरा स्वतःपुरतं काहीतरी शिजवतात. बांधणाऱ्यानं दोन्ही घरांचे पाइप एकाच नळीत सोडले होते आणि नंतर गच्चीचं काम करताना कोणीतरी नळीचं वरचं तोंड बुजवलं होतं. सरांनी चिमणी लावली की त्यांचा धूर आमच्याकडे, आम्ही लावली की आमचा त्यांच्याकडे. पलीकडच्या गल्लीत जाऊन यायला चार मिनिटं लागतात. आठ दिवसांत आमच्यापैकी कोणी गेलं नव्हतं.

आई गेली. डबा घेऊन. मीही मागे गेले. सर दारात वॉकर धरून उभे होते आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"मला वाटलं, माझ्याच वर्गातली एखादी असेल," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत काही मुलं माझ्या आधीच गेली. म्हटलं, आता न्यायला आली असेल. म्हणून घाबरत घाबरत 'पुढं' विचारलं."

माझ्या अंगावर जो काटा आला, तो आठ दिवसांतला सगळ्यात मोठा होता.

आई पाचोडला गेली नाही. आता डबे बारा झालेत. शफीकभाईंनी इन्स्पेक्शनचे वेगळे पैसे घेऊन आम्हाला माहीत होतं तेच सांगितलं आणि नळीचं बुजवलेलं तोंड उघडून दिलं. धूर आता वर जातो. पाइप वेगळे करून देतो म्हणाले, तर आई आणि सर दोघंही एकदम नको म्हणाले. त्यांच्या गप्पा चालतात.

आणि रोज संध्याकाळी बरोबर पाच वाजता, मी घरात कुठंही असले तरी, त्या स्वच्छ, चकचकीत, खणखणीत पाइपातून आवाज येतो, "झालं का पाठ? कलम एकोणीसपासून म्हण."

सेमिनार होऊन तीन आठवडे झालेत. भूत असतं तर एवढ्यात कंटाळून गेलं असतं. आईला अजून सांगितलेलं नाही, पण हल्ली फोडणी मीच घालते आणि तेल दुप्पट टाकते, म्हणजे पाइपात मळ लवकर धरेल.