फक्कीचं रिंगण

लेकराला इंचू चावला, रिक्षा दाराकडं येत हुती, अन् ह्यो झाडं मोजणारा सायेब हात पसरून आडवा! "ताई, फक्कीच्या आत गाडी न्हाई. मुळ्या दबतील!"

रस्ता रुंद होणार म्हणून, झाडं वाचवाया सारखा यायचा. आमच्या जांभळीला बुडापासूनच पाच खोडं. हरेक खोडाला टेप लावायचा. "खोडं पाच, पर झाड एकच," म्हणायचा, अन् समद्यांचा घेर धरून मुळ्यांचं रिंगण पार माझ्या उंबऱ्यापर्यंत पांढऱ्या फक्कीनं आखायचा.

"मुडद्या, लेकरू मरंल!" म्या वरडले.

त्यानं लेकरू हिसकावलं अन् रिक्षाकडं पळाला. पर सरळ न्हाई, फक्कीच्या कडंकडंनं, आख्ख्या रिंगणाला वळसा घालून!

लेकरू वाचलं. जांभळ बी उभी हाय. तुमी आसता तर त्याच्या पाया पडला असता, का टाळकं फोडलं असतं?