साहेबांसाठी केलेली कुल्फी

नवऱ्याने सरकारी नोकरी सोडली आणि आम्ही दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमधून नोएडाला राहायला आलो. परदेशी कंपन्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या, तसल्याच एका कंपनीत तो लागला होता. सेक्टरमधल्या निम्म्या प्लॉटवर अजून नुसतं गवत होतं, पण आमच्या घरात दोन दरवाजांचा फ्रीज आला होता. नव्या साहेबांना बायकोसह जेवायला बोलावलं, तेव्हा त्या फ्रीजच्या जोरावर मी सासूबाईंना म्हटलं, "आई, कुल्फी घरीच करू या."

सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. हिंदी जेमतेम, त्यामुळे दिवसभर बोलणार कुणाशी? कुल्फीचं नाव काढल्यावर त्या एकदम खुलल्या. सकाळपासून गॅसपाशी उभं राहून दूध आटवत होत्या. मी म्हणायचे, "बसा ना जरा." तर म्हणायच्या, "बसले की खाली लागतं." कडेची साय खरवडून परत आत सोडायच्या. साखर, वेलची, पिस्ते घालून साचे भरले, फ्रीझरमध्ये ठेवले आणि लाईट गेली.

संध्याकाळ होत आली तरी साच्यात दूध डचमळत होतं. मग सासूबाईंनीच बर्फ आणि जाडं मीठ आणायला लावलं. साच्यांची झाकणं मी कणकेने बंद केली. त्यांनी बाथरूमच्या दाराशी पाट घेतला आणि साचे बर्फात पुरून बादली गोल गोल फिरवत बसल्या.

पाहुणे आले, लाईटही आली. जेवण छान झालं. मी कुल्फीच्या चकत्या कापून बश्या बाहेर नेल्या. सासूबाई आत आवरत होत्या.

साहेबांनी चमचा तोंडात घातला आणि ते थांबले. त्यांच्या बायकोने ओठ घट्ट मिटले. मी घाईघाईने माझा घास घेतला. मीठ! थोडंथोडकं नाही, जीभ आखडावी इतकं. माझी कणीक सुटली होती आणि बादलीतलं मिठाचं पाणी आत शिरलं होतं.

तेवढ्यात नवरा हसला. "सॉरी सर, मार्केट से मँगवाई थी. आजकल किसी का भरोसा नहीं."

"कौन सी दुकान?" साहेबांना हायसं वाटलं असावं. "ऐसे लोगों को छोड़ना नहीं चाहिए."

नवरा काहीतरी पुटपुटला. मी बशीकडे बघत राहिले.

आणि पदराला हात पुसत सासूबाई बाहेर आल्या. "कैसा हुआ कुल्फी? सुबह से किया. हम दोनों." एवढी वाक्यं त्यांनी आत उभं राहून मनात जुळवली असणार.

साहेबांनी चमचा खाली ठेवला. त्यांची बायको माझ्याकडे बघून पटकन दुसरीकडे बघू लागली आणि म्हणाली, "बहुत मेहनत की आपने, माँजी."

"और लो ना, और है," सासूबाई म्हणाल्या आणि आणायला वळल्यासुद्धा. त्यांना थांबवता थांबवता पाहुणे उठलेच.

बश्या उचलताना सासूबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला. "अगं, ही खारट आहे!" मग भरलेल्या बश्यांकडे बघत राहिल्या. "मी विचारलं, तेव्हा सगळे असे गप्प का झाले?"

नवऱ्याला सांगावंच लागलं. "आई, वेळ मारून नेली फक्त."

"खारट झाली म्हणायचं. त्यात काय एवढं? आता त्यांना वाटेल, म्हातारी विकतचं आणून घरचं म्हणून सांगते."

आम्हा दोघांनाही वर बघवेना.

पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा दूध आणवलं. लाईट टिकली, कुल्फी सुरेख झाली. थर्मासमध्ये भरून त्यांनी ती लेकाच्या हातात दिली. "साहेबांकडे जा. मी केलीय म्हण. आणि त्या दिवशीचीही मीच केली होती, हेही सांग."

तो गेला. परत आला तो बूट न काढताच सोफ्यावर बसला.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"हसले दोघं."

"खाल्ली का?"

"ठेवून घेतली." तो जमिनीकडे बघत होता. सासूबाईंनी मान डोलावली आणि पातेलं घासायला घेतलं.

साहेबांच्या बायकोला मी नंतर पुष्कळदा भेटले. ती मुलांच्या शाळेबद्दल, पडद्यांच्या कापडाबद्दल मनमोकळी बोलायची. कुल्फीचा विषय तिने कधी काढला नाही. मी मात्र तिच्याशी बोलताना दर वेळी तिच्या हातातल्या पर्सकडे बघत, हो हो करत राहायचे.