नलूताईंनी मासे रोह्याला नेले

"माशांना श्वास लागलाय. तुमचा इन्व्हर्टर थोडा वेळ मिळेल का?"

दारात उभ्या असलेल्या बाईंचं हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, नाव-गाव नाही. हातात वायरीचं भेंडोळं, पदर कमरेला खोचलेला, अंबाडा घट्ट. पेणच्या त्या इमारतीत मी नुकतीच राहायला आले होते आणि सकाळपासून वीज गेली होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या घरातला प्लग शोधून वायर खोचली, दुसरं टोक जिन्यासमोरून आपल्या घरात नेलं आणि आतून पंपाची घरघर ऐकू आल्यावरच मागे वळल्या. "मी नलिनी. समोरच राहते. या, चहा टाकते."

नलूताई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. "आधी श्वास, मग बाकीचं," हे त्यांचं पालुपद. ते त्या सगळ्यांनाच ऐकवायच्या. नवऱ्याशी भांडून रडत आलेल्या शेजारणीला त्यांनी पाणी दिलं नाही, सल्ला दिला नाही. समोर बसवून आधी नीट श्वास घ्यायला लावला. ती बाई दहा श्वासांनंतर हसायला लागली आणि घरी गेली.

मी गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते. दिवसभर न हलणाऱ्या डोळ्यांसमोर बसून संध्याकाळी त्यांच्या दिवाणखान्यात गेलं की भिंतभर काचेच्या टाकीतून सात जोड डोळे माझ्याकडे वळायचे. गोल्डफिश म्हणजे बोटाएवढा मासा असा माझा समज. इथे एकेक तळहाताएवढा. त्यातला सगळ्यात जुना तर वयाने पार पांढरा पडलेला. त्याचं नाव मास्तर.

टाकी त्यांच्या नवऱ्याची, म्हणजे भाऊंची. कंपनीतल्या शिफ्टवरून आले की जेवायच्या आधी ते माशांसमोर बसायचे. मग त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टरांकडे न्यायचं तर चार माणसांनी खुर्चीवर बसवून तीन जिने उतरवायचे. रोह्याला मुलगी होती, तिचं घर तळमजल्यावर. नलूताईंनी मनावर घेतलं आणि पेणचं घर सोडायचं ठरवलं.

"टाकी देऊन टाका कुणाला तरी," जावई म्हणाले. त्यांचंही चुकत नव्हतं. एवढी जुनी टाकी हलवली की मासे जगत नाहीत, असं दुकानदारानेही सांगितलं होतं.

नलूताई म्हणाल्या, "आजारात यांचं बोलणं गेलं, चालणं गेलं. सकाळी डोळे उघडून बघावंसं वाटतं असं एवढंच उरलंय. ते मी देऊन टाकू?"

जावई टेम्पोवाल्याला फोन लावायला उठले.

निघायच्या आदल्या दिवशी भाऊंना गाडीतून रोह्याला पोचवलं. त्या दिवशी माशांना खाणं बंद, म्हणजे प्रवासात पाणी घाण होणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी उतरवायला घेतली. जावई तळातले खडे नळाखाली धरणार, एवढ्यात नलूताई ओरडल्या, "धुवायचे नाहीत!" मग शांतपणे म्हणाल्या, "त्या खड्यांत आणि फिल्टरच्या स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. माशांची घाण तेच पचवतात. यांनी इतक्या वर्षांत ते रुजवलेत. नळाचं पाणी लागलं की मरतील, आणि मागोमाग मासे." खडे आणि स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवून बादलीत ठेवले. मी कारखान्यातून झाकणाचे दोन मोठे डबे आणले होते. त्यांनी नुसता वास घेतला आणि परत दिले. "रंगाचे डबे? मासे आहेत गो, मूर्ती नाहीत."

काचेची टाकी, खडे, सामान टेम्पोतून गेलं. मासे मात्र रेल्वेने. "हायवेच्या खड्ड्यांत उलटेपालटे होतील. रूळ बरे." पाण्याची तीन लहान पिंपं, त्यांवर झाकणं, प्रत्येकात बॅटरीच्या पंपाची नळी. मी सोबत निघाले. दुपारची रोह्याची गाडी, दिवाळी उलटून गेली तरी ऊन कडक.

डब्यात खाडीकडच्या बायका होत्या. सुक्या मासळीची टोपली घेतलेली एक आजी आमच्या समोरच बसली. तिने पिंपाला हात लावला.

"यात काय हाय गो?"

"मासे," नलूताई म्हणाल्या.

"जिवंत? नागोठण्याला इकायला?"

"नाय गो आजी. घरी न्यायचेत. माझ्या मालकांचे आहेत."

"खायाला?"

"बघायला."

आजीने आपल्या टोपलीकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं, आणि शेजारणीला म्हणाली, "ऐकलंस का? बघायला!" अख्खा डबा हसला. नलूताईही हसल्या.

कासू स्टेशनला गाडी थांबली ती हलेचना. पुढून गाडी यायची होती म्हणे. पंखे बंद पडले. पत्रा तापला. आणि पंपाची घरघर थांबली. वाटेत पाणी हिंदकळून पंपात गेलं होतं. तीनही नळ्या त्या एकाच पंपाच्या. नलूताईंनी झाकणं उघडली. सगळे मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते.

मी पंपाचं बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. "आता हो?"

"आधी श्वास." पिशवीतून त्यांनी स्टीलचे दोन पेले काढले. एक मला दिला. पिंपातलं पाणी पेल्यात घ्यायचं, हात डोक्याएवढा उंच न्यायचा आणि वरून धार सोडायची. पडताना पाणी हवा घेऊन जातं. "थांबायचं नाही. घाबरायचं ते काम झाल्यावर."

पेले दोन आणि पिंपं तीन. नलूताई दोन पिंपांमध्ये आळीपाळीने हात मारत होत्या, तरी पुरे पडेना. आजीने हे बघितलं. टोपली बाकाखाली सरकवली, जेवणाच्या डब्याचं झाकण काढलं.

"त्याला तेल असंल, विसळून घे गो," नलूताई हात न थांबवता म्हणाल्या.

कुणीतरी बाटलीतलं पिण्याचं पाणी ओतून झाकण स्वच्छ करून दिलं. आजी तिसऱ्या पिंपावर बसली. माझा हात भरून आला तशी मिठागरात काम करणारी एक बाई उठली आणि माझ्या हातातला पेला घेतला. मग तिच्याकडून दुसरीने. कुणी कुणाला सांगत नव्हतं. थोड्या वेळापूर्वी हसणारा डबा आता पिंपांभोवती जमला होता. नुसता पाण्यावर पाणी पडल्याचा आवाज. मी उभी राहून बघत होते. जन्मभर मासे पकडून, सुकवून, विकून पोट भरणाऱ्या हातांनी त्या बायका मासे वाचवत होत्या.

मास्तर एका अंगावर कलला. नलूताईंनी पाण्यात हात घातला, त्याला तळव्यावर सरळ धरलं आणि त्याचं तोंड धारेकडे केलं. दुसऱ्या हाताने पेला चालूच. चेहऱ्यावर घाई नाही, भीती नाही. वॉर्डात किती जणांना त्यांनी असं धरलं असेल, कोण जाणे. आजीच्या पिंपातला एक तांबडा मासा मात्र तळाला गेला. नलूताईंनी त्याला बाहेर काढलं, एकदा नीट पाहिलं आणि ओल्या रुमालात ठेवलं.

"गेला बिचारा," आजी म्हणाली. तिने पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा धार धरली.

गाडी सुटली तरी पेले थांबले नाहीत. नागोठण्याला आजीला उतरायचं होतं. ती उतरली नाही. "रोह्याला इकीन," म्हणाली.

रोह्याला टाकी मांडून तयार होती. जुने खडे, जुना स्पंज, थोडं जुनं पाणी आणि मुलीने आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी. पेल्यापेल्याने नवं पाणी पिंपात मिसळत नलूताईंनी एकेक मासा आत सोडला. मास्तर सगळ्यात शेवटी. तो तळाशी जाऊन पडला. आम्ही सगळे काचेला नाक लावून. बऱ्याच वेळाने त्याचे पंख हलले, आणि तो हळूहळू वर आला. मुलगी रडायला लागली. पुढे दोन-अडीच वर्षं तो तिथे जगला.

भाऊंचा पलंग आतल्या खोलीत होता. तो बाहेर आणायच्या आधी मी नलूताईंना हळूच म्हटलं, "तसाच तांबडा मासा बाजारात मिळेल. संध्याकाळी आणून सोडू. त्यांना कळणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "अगं, नोकरीभर लोकांना दारात उभं राहून सांगितलं मी, तुमचं माणूस गेलं म्हणून. खरं सांगायचं आणि जवळ उभं राहायचं, एवढंच येतं मला. घरच्या माणसाशी खोटं बोलू?"

पलंग टाकीसमोर आणला. भाऊंची नजर काचेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. पुन्हा फिरली. मग ती नलूताईंवर येऊन थांबली.

त्या पलंगाशी जाऊन उभ्या राहिल्या. साडी कमरेपर्यंत ओली, हाताची बोटं पाण्याने सुरकुतलेली. "एक गेला," त्या म्हणाल्या. "कासूला. पंप बंद पडला. खूप केलं हो, पण नाही वाचवता आला." आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्यांचा आवाज फाटला.

भाऊंनी डोळे मिटले. उघडले. चांगला असलेला डावा हात त्यांनी चादरीवरून हळूहळू सरकवला आणि पलंगाच्या कडेवर दोनदा थोपटला. ओठ हलले. आजारानंतर त्यांच्या तोंडून एक शब्द धड निघाला नव्हता, म्हणून मुलगी पुढे वाकली. पण तिला वाकायची गरज पडली नाही. आम्हाला सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं.

"बस."

कासूपासून उभ्या असलेल्या नलूताई त्यांच्याजवळ बसल्या.