बांबूंचे खड्डे

पनवेलला आमच्या घरासमोरच्या मैदानात रोज सकाळी एक माणूस दिसतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. लग्नांचे, सत्कारांचे मांडव उतरले की बांबूंचे खड्डे तसेच राहतात. हा गोणीतून माती आणून ते बुजवतो आणि टाचेने दाबत पुढे जातो, एका पायाने लंगडत.

आपला फुटबॉल संघ पुन्हा हरला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चिडून त्याला म्हणालो, "क्रिकेटमध्ये आपण जग जिंकतो, आणि ह्यांना साधा एक गोल जमत नाही!"

तो गोणी आपटून उठला. "ती मधली क्रिकेटची पिच बगा. शिमिटाची हाय. तिथं पहार मारायची हिंमत हाय कुनाची? आमची पोरं धावतान तिथं मात्र कुनीबी यावं नि खनावं! माजा पाय ह्याच खड्ड्यात मोडला. खड्डं हितं पाडायचं, नि गोल तिकडं मागायचा?"

काल संध्याकाळी त्याने बुजवलेल्या जागीच पुन्हा पहारी पडत होत्या. माझं डोकं फिरलं. "आता कसला मांडव?" मी ओरडलो.

मांडववाला हसत म्हणाला, "क्रीडा दिनाचा. साहेब फुटबॉलवर बोलणार आहेत."