मास्तरांची बटणं

मोठ्या शहरातलं कॅन्सर हॉस्पिटल आपली नवी औषधं आता लहान गावांतल्या हॉस्पिटलांतही पेशंटना देऊन पाहत होतं. औषध पेटीतून येई, डॉक्टर पडद्यावर येत, आणि उरलेलं सगळं गावातल्या नर्सताई बघत. उरलेलं म्हणजे सलाईन लावणं, विचारपूस करणं आणि पेशंट मध्येच पळू न देणं. या शेवटच्या कामात ताईंचा हात धरणारं कोणी नव्हतं.

टेलर मास्तर त्यांचे लाडके. पहिल्या खेपेला त्यांनी मळमळीचं रडगाणं लावलं, तेव्हा ताई हसून म्हणाल्या होत्या, "फार कुरकुर केलीत तर वरचे लोक यादीतून नाव काढतील हं, मास्तर!" खरं तर अशा चाचणीत तक्रारींनाच किंमत. पण गंमत ती गंमत.

तेव्हापासून मास्तरांना कसलाच त्रास झाला नाही. विचारलं की "एकदम झकास!" डॉक्टर खूश, ताई त्याहून खूश.

आज छाती तपासायची होती. "शर्टाची बटणं काढा."

मास्तर दाराकडे बघू लागले. "हिला बोलवा ना जरा."

"बटणं काढायला बायको लागते? थाट आहे बुवा!"

बायको आत आली. "घालतेही मीच. बोटांना काही कळतंय कुठे यांच्या? दुकानाला कधीचं कुलूप आहे."

"तू गप गं."

"का गप? सुई हातातून पडली तरी पत्ता नसतो!"

बोटं बधिर होणं हा या औषधाचा माहितीतला त्रास. वेळीच कळला की डोस कमी करतात.

"बोलला का नाहीत?" ताईंनी मास्तरांना विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना, यादीतून नाव काढतील."

पडद्यावरचे डॉक्टर समजूतदार होते. "पेशंट लपवतात हो. तुमचा काय दोष?"

"माझंच चुकलं," मास्तर घाईघाईने म्हणाले.

ताईंना ते क्षणभर पटलंही. मग त्या म्हणाल्या, "नाही, डॉक्टर. मीच घाबरवलं त्यांना. थट्टेत."

डॉक्टर चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, औषध तूर्त बंद; बोटं सुधारली तर कमी डोसवर पुन्हा सुरू.

"सुधारतील?" बायकोने विचारलं.

"बहुतेक," ताई म्हणाल्या. हा शब्द त्या रोज वाटत. आज स्वतःच्या कानाला पोकळ लागला.

बायको गोळ्या आणायला गेली. मास्तर उघड्या शर्टाने उभे. ताई पुढे झाल्या, खाली मान घालून बटणं लावू लागल्या.

"ताई," मास्तर हळूच म्हणाले, "एक काज चुकलंय."

ताईंनी सगळी बटणं काढली आणि पहिल्यापासून लावायला घेतली.