मुलींनी फक्त पाहायचं

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. शाळेच्या आठवणी सांगताना इथवर यायचो आणि विषय बदलायचो.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस मी देवळीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. एकदा वर्ध्याहून डॉक्टरांची चमू आली. हृदय बंद पडलेल्याची छाती कशी दाबायची, शॉक लागलेल्याला कसं सोडवायचं, हे नववी-दहावीला शिकवायचं होतं. सोबत रबरी पुतळा होता, कमरेपर्यंतचा, उघड्या छातीचा.

मुलांनी आळीपाळीनं छाती दाबली. "सर, हा बुवा काही उठून नाई राह्यला," एक जण म्हणाला आणि सगळे हसले. मुलींची पाळी आली तेव्हा मी त्यांना जागेवरच बसवून ठेवलं. पुतळा झाला तरी पुरुषाचा. संध्याकाळपर्यंत गावात चर्चा झाली असती. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सुचवून पाहिलं. मी म्हटलं, "आमच्या पोरी पाहूनच शिकतात."

त्याच हिवाळ्यात गव्हाला पाणी देताना त्यातल्याच एका मुलीच्या वडिलांना मोटारीचा शॉक लागला. शेतात ती आणि तिची आई, दोघीच. तिनं आधी खटका पाडला, आईला रस्त्यावर माणसं बोलवायला धाडलं आणि छाती दाबू लागली. माणसं पोचली तोवर ते गेले होते.

तेरवीनंतर ती शाळेत आली. स्टाफरूमच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "सर, कुठं दाबाचं ते मले माहीत होतं. किती जोरानं, ते समजलं नाई. बाबाले लागन म्हणून मी हळूच दाबलं."

तुझी काही चूक नाही, मरण देवाच्या हाती असतं, असं काहीतरी मी बोललो. चूक कोणाची, ते बोललो नाही. ते वाचले असते की नाही, कोणीच सांगू शकत नाही. पण तो जोर तिच्या हातांना ठाऊक असायला हवा होता.

पुढच्या वर्षी चमू आली तेव्हा मी मुलींनाच आधी पुढं बोलावलं. एकही पालक तक्रार घेऊन आला नाही.

बऱ्याच वर्षांनी ती आर्वीच्या बसस्टँडवर दिसली. कडेवर मूल होतं. पाया पडली. मी मुलाचं नाव विचारलं, सासरचं विचारलं, कापसाचंही विचारलं. तेवढ्यात माझी गाडी लागली.

"सांभाळून जाजा, सर," ती म्हणाली.

पोरी, त्या दिवशी मीच तुला हात लावू दिला नाही, मला माफ कर. एवढंच म्हणायचं होतं. मी मान हलवली आणि गाडीत चढलो.