एका घरचे सात गडी

कबड्डीला आम्ही हुतूतू म्हणायचो आणि आमच्या घराला लोक हुतूतूचं घर म्हणायचे. मैदानात उतरायला सात गडी लागतात, आणि ते सातही आमच्या एका चुलीवर जेवणारे होते. मी थोरला, माझे तीन सख्खे भाऊ आणि तीन चुलतभाऊ. एखाद्याचा पाय मुरगळला तर चुलता लंगोट घट्ट करून उतरायचा, पण गडी बाहेरून आणायचा नाही.

दरवर्षी जत्रेत नदीपलीकडच्या गावाशी सामना. ते गाव सातारा जिल्ह्यात, आमचं सांगलीत. मी जन्मलो तेव्हा सगळा मुलूख साताराच होता. घर न हलवता मी सांगलीकर झालो, त्याला माझा इलाज नाही. सामन्याआधी पंच एकेका गड्यासमोर उभा राहून विचारायचा, "ह्यो कुणाचा?" आणि माझा बाप देवळाच्या कट्ट्यावरून ओरडायचा, "आमच्या घरातला!" सातदा विचारायचं, सातदा ओरडायचं. पलीकडची माणसं शेवटी हसायला लागायची. तेवढ्यानंच आमची छाती अशी फुगायची की अर्धा सामना तिथंच जिंकलेला असायचा.

आईला नऊ झाली, जगली पाच, आम्ही चौघं भाऊ आणि एक बहीण. गोवरानं एका उन्हाळ्यात दोन नेली, बाकीची अशीच कशानं कशानं गेली. तेव्हा कारण कोण विचारत होतं? त्यामुळं कुणी "पोरं किती गं तुला?" म्हटलं की आई एक कमी सांगायची. पाच असली तर चार. नजर लागू नये म्हणून. भाकऱ्या मात्र बरोबर थापायची.

माझं लग्न झालं तोवर नर्सबाई सायकलवरून गावात यायला लागली होती. पोरांच्या दंडावर टोचायची, पोरं दिवसभर किंचाळायची, पण जगायची. माझी चार झाली, चारही राहिली. भावांचीही राहिली. घरात पाय ठेवायला जागा नसायची. सोप्यात पोरं, गोठ्याच्या माळ्यावर पोरं, उन्हाळ्यात अंगणात एका वाकळेवर ओळीनं पोरं. सकाळी कुणाचा सदरा कुणाच्या अंगात. त्या पिढीतून दोन संघ निघाले असते. लय गोंगाट होता, आणि खरं सांगतो, तसलं सुख मी पुन्हा पाहिलं नाही.

पण जमीन काही पोरांबरोबर वाढत नाही. वाटण्या झाल्या आणि एकेकाच्या वाट्याला उसाच्या चार सऱ्या आल्या. पोरं शहाणी निघाली. एक फौजेत गेला, दोघं पुण्यात, एक इस्लामपुरात. दोन-दोनवर थांबले. नातवाच्या लग्नानंतर मी नातसुनेला दुसऱ्याचं विचारलं, तर ती तोंडावर म्हणाली, "आज्जा, एकाच्या मागंच पळून दम निघतोय माझा." ती नोकरी करते. गावात राहिलेल्या पोरांची तऱ्हा आणखी वेगळी. तिशी उलटली तरी लग्न नाही. मुलीकडचे येतात, शेती करतो म्हटलं की चहा पिऊन उठतात.

यंदा जत्रेच्या आठ दिवस आधी धाकट्या भावाचा नातू आला. आमच्या घरातला गावात राहिलेला तो एकटाच खेळणारा, आणि आता गावच्या झालेल्या संघाचा कप्तान.

"आज्जा, पाचच हाईत. पुण्याच्या पोरांस्नी सुट्टी न्हाई."

"मग?"

"गुऱ्हाळावर जाळ घालतोय न्हवं त्यो? त्याची दोन पोरं लय चपळ हाईत."

तो माणूस वीस-बावीस वर्षांमागं उत्तरेकडून आला. बायकोला घेऊन आला आणि इथंच राहिला. पोरं कामाची आहेत, मला माहीत होतं. पण संघाच्या बाबतीत गाव अजून माझा शब्द मानतं, आणि माझा शब्द ठरलेला होता.

"न्हाई. जत्रेचा सामना गावच्या पोरांचा. भाड्यानं गडी आणायचा आसंल तर पटांगण नांगरून टाका."

"मग न खेळताच त्यास्नी जिंकल्याचा नारळ द्यायचा? आजवर कवा दिला न्हाई आपण."

"द्या."

तो मान खाली घालून गेला. आत बायको हरभरा सोलत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आवं, गावचं म्हंजी कोण?"

"गावात जल्मल्यालं."

"ती पोरं हितंच जल्मली. त्यांच्या आईला बाळंतपणात शेगडी द्यायला मीच गेलते." हरभऱ्याचा एक दाणा तिनं तोंडात टाकला. "तुमी कुठं जल्मलासा?"

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी असतं. मी पहिला. आणि आईचं माहेर नदीपलीकडं, त्याच गावात. माझी नाळ मामाच्या गोठ्यामागं पुरलेली आहे.

"तुमच्या कायद्यानं तर तुमी जल्मभर त्यांच्याकडनं खेळायला पायजे हुतं," ती म्हणाली.

मी तिला गप बस म्हणालो. जेवताना आमटीत मीठ कमी आहे, हेही सांगितलं. मीठ बरोबर होतं, तरी सांगितलं. सकाळी कप्तानाला निरोप धाडला, काय करायचं ते करा, मी नियम बदललेला नाही.

जत्रेदिवशी पंच म्हणून पलीकडचा माझा मामेभाऊ आला. माझ्याच वयाचा, दात नाहीत पण शिट्टी जोरात. तो गुऱ्हाळावरच्या त्या माणसाच्या थोरल्यापुढं थांबला. मग वळून कट्ट्याकडं बघितलं.

"काय रं गड्या, ह्यो कुणाचा?"

मी काठी टेकून उठलो.

"आमच्या घरातला!"

"आन् ह्यो धाकटा?"

"त्योबी आमच्याच घरातला!"

"घर वाढलं म्हणायचं तुझं."

"वाढलंय. शिट्टी मार."

धाकट्यानं पहिल्याच चढाईत मांडीवर थाप मारली आणि दोघांना शिवून परत आला. मी कट्ट्यावर काठी आपटली, ती मोडली. पण आमचा डावा कोपरा कच्चा. शेवटी आमच्यावर लोण चढला आणि आम्ही हरलो. कप्तान तोंड पाडून आला. मी म्हणालो, "डावा कोपरा कच्चा ठिवलास, म्हणून हरलासा. चला जेवायला, समदी."

सगळे धुळीनं माखलेले माझ्यामागं घरी आले. अंगणात दंगा. चुलीवर जत्रेचं मटण रटरटत होतं. आतून बायकोनं विचारलं, "किती जण हाईत वो?"

मी ओळीनं बघितलं.

"सहा," मी म्हणालो.

तिनं दारातून डोकावून एकदा पोरांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि सातांच्या भाकऱ्या थापायला बसली.